एमसीआर चप्पल रिव्ह्यू : जन्मापासून जाड तळवे असलेल्यांनी जरूर वाचा

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात तसं आहे हे, चप्पल घेताना रंग आणि डिझाइन बघणाऱ्याला हा रिव्ह्यू कंटाळवाणा वाटेल पण ज्यांच्या तळपायाची कातडी लहानपणापासून जाड आहे, भेगा पडतात, उभं राहिलं की आग होते, त्यांच्यासाठी मुद्दाम सविस्तर लिहितेय. प्रॉडक्ट आहे एमसीआर चप्पल. एमसीआर म्हणजे मायक्रो सेल्युलर रबर, आत बारीक बारीक हवेचे कप्पे असलेलं मऊ रबर. ही चप्पल मुळात कुष्ठरोगाने पायाची संवेदना गेलेल्या लोकांसाठी वापरात आली, नंतर शुगरवाल्यांसाठी डॉक्टर सांगायला लागले. आमच्या आजारासाठी ती चालते हे मला कुणी सांगितलं नव्हतं, बऱ्याच स्किनच्या डॉक्टरांकडे जाऊन आले पण बोलणं सगळं क्रीमचं, पायात काय घालता असं कुणी विचारलंच नाही. माझं मत आधीच सांगते, आमच्यासारख्या पायांना क्रीमइतकीच चप्पल महत्त्वाची आहे आणि सध्या तरी एमसीआरपेक्षा बरं काही मला मिळालेलं नाही.

आजाराचं नाव पामोप्लांटर केराटोडर्मा, डॉक्टर लोक पीपीके म्हणतात. त्यात खूप प्रकार आहेत, आमच्या घरात आहे तो एपिडर्मोलायटिक प्रकार, व्होर्नर नावाच्या जर्मन डॉक्टरने १९०१ साली त्याची माहिती लिहिली म्हणून व्होर्नर टाइपसुद्धा म्हणतात. तळहात आणि तळपाय मेणासारखे पिवळट आणि जाड, आणि ती जाडी पायाच्या कडेला येऊन एकदम थांबते, तिथे लालसर रेघ दिसते, वरचा पाय मात्र अगदी चारचौघांसारखा. माझ्या वडिलांना होतं, मला आहे, धाकट्या मुलीला आहे, मोठ्या मुलाला नाही. आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला होण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो की मुलगी. आणि हे ठळक अक्षरात वाचा, हा आजार संसर्गजन्य नाही, हात मिळवून, ताटात जेवून, चप्पल घालून कुणाला होत नाही.

फक्त तळहात तळपायच का, असं सगळेच विचारतात. कातडीच्या पेशी मजबूत राहाव्यात म्हणून आत केराटिनचे धागे असतात, त्यातलं केराटिन ९ हे जवळपास फक्त तळहात आणि तळव्यातच तयार होतं, आणि त्याच्या जीनमध्ये बिघाड असला की हा प्रकार होतो, १९९४ साली हे सापडलं. धागाच कच्चा असल्यामुळे दाब आला, घर्षण झालं की पेशी आतल्या आत फाटतात, शरीर त्यावर जाड थर चढवत राहतं. म्हणजे जाडी वरून दिसते पण आतून ती कातडी नाजूक असते. हे समजलं तेव्हा मला चप्पलचं महत्त्व खऱ्या अर्थाने कळलं, कारण जितका दाब आणि जितकी घासाघासी तितका थर, तितकी दुखणी आणि उन्हाळ्यात तर खाली फोड येतात. लोकांना वाटतं जाड कातडी आहे म्हणजे हिला काही टोचत नसेल. उलट आहे हो, खडी असलेल्या रस्त्यावर मला प्रत्येक खडा वेगळा कळतो.

मी शाळेत शिकवते, दिवसभर उभं राहायचं काम. कोल्हापूर भागातली असून आयुष्यात कोल्हापुरी घालता आली नाही, ते जाड कडक कातड्याचं तळ आमच्या पायाला सोसतच नाही, टाचेच्या कडेला चीर पडली की आठवडाभर लंगडत चालायचं. बाजारातली साधी स्लीपर पातळ, सँडलचा पट्टा घासतो, बंद बुटात घाम. या आजारात बऱ्याच जणांना तळव्यांना घाम जास्त येतो आणि ओली झालेली जाड कातडी पांढरी पडून वास मारते, त्यामुळे बंद बूट म्हणजे दुसरंच दुखणं. ऑनलाइन एका कंपनीची ऑर्थो मेमरी फोमवाली चप्पल मागवली होती, जाहिरातीत टाचदुखी छूमंतर वगैरे. पहिल्या आठवड्यात फार छान वाटली, मग फोम बसला तो बसलाच, टाचेच्या जागी खड्डा आणि खाली कडक प्लास्टिक लागायला लागलं, रिटर्नची मुदत तोवर गेलेली. फोम किती मऊ आहे याच्यापेक्षा दाबल्यावर परत वर येतो का आणि किती महिने येत राहतो हे बघायला पाहिजे, हे त्यातून कळलं.

एमसीआर मी मिरजेत एका कारागीर मामांकडून बनवून घेतली. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, कुष्ठरोग्यांसाठी तिथे फार जुनं काम झालेलं आहे, त्यामुळे पायाचे असे प्रॉब्लेम माहीत असलेली माणसं भेटतात. मामांचं दुकान म्हणजे एक छोटी खोली, भिंतीला काळ्या रबराच्या शीट लावलेल्या, एक ग्राइंडर, रापी, आरी, सोल्यूशनचा डबा आणि ग्राहकाला बसायला एक खुर्ची. त्यांनी पाय बघून तोंड वाकडं केलं नाही, "ताई, शुगर आहे का?" एवढंच विचारलं, नाही म्हटल्यावर पाय हातात घेऊन अंगठ्याने एकेक जागा दाबत गेले आणि कुठं दुखतंय ते विचारत गेले. इतक्या दवाखान्यांत माझा पाय कुणी असा हातात घेतला नव्हता, टेबलापलीकडूनच बघून लिहून द्यायचे. मला तिथेच भरून आलं, खोटं कशाला बोलू.

माप घ्यायची पद्धत सांगते कारण सगळी मेख तिथेच आहे. बसून नाही, उभं राहून माप घ्यायचं, दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून, कारण वजन आलं की पाय पसरतो. जाड पुठ्ठ्यावर दोन्ही पायांची वेगवेगळी रेघ मारली, एका पायाचं माप उलटं करून दुसऱ्याला वापरलं नाही. मग मला म्हणाले लिपस्टिक आहे का पर्समध्ये. मला वाटलं मस्करी करतायत. तर ज्या ज्या जागी दाबल्यावर जास्त दुखत होतं तिथे लिपस्टिकचा ठिपका लावला आणि कापलेल्या एमसीआरच्या तुकड्यावर उभं केलं, ठिपके बरोबर रबरावर उमटले. डाव्या टाचेची बाहेरची कड, दोन्ही चवड्यांच्या खाली पहिल्या आणि पाचव्या बोटामागची जागा. मग त्या खुणांच्या बरोबर खाली, म्हणजे रबराच्या उलट्या बाजूने, ग्राइंडरवर हलकं घासून थोडा खोलगट भाग केला आणि त्यात आणखी मऊ तुकडा बसवला. वरून चप्पल सपाट दिसते पण दुखऱ्या जागी पाय थोडा जास्त रुततो आणि वजन आजूबाजूला वाटलं जातं. एवढंच तंत्र आहे, पण हे रेडिमेड चप्पलमध्ये मिळत नाही.

चप्पलचे दोन थर असतात. वरचा एमसीआरचा, माझा साधारण १० मिलिमीटर, आणि खाली कडक रबराचा सोल, कारण एमसीआर इतकं मऊ असतं की बाभळीचा काटा किंवा काच सरळ आरपार जाईल. खिळा एकही नाही, सगळं सोल्यूशनने चिकटवलेलं आणि कडेने शिवलेलं. संवेदना गेलेल्या पायात खिळा वर आला तरी कळत नाही म्हणून एमसीआर चप्पलमध्ये खिळे मारत नाहीत, आमच्या पायाला कळतं पण कच्च्या कातडीत खिळा घुसला तर जखम भरायला वेळ लागतो, त्यामुळे हा नियम आपल्यालाही लागू. पट्टे रुंद, आतून मऊ अस्तर, व्हेल्क्रोचे, म्हणजे संध्याकाळी पाय सुजला की सैल करता येतात. आणि मागचा पट्टा हवाच हवा. मागचा पट्टा नसला की आपण नकळत बोटांनी चप्पल धरून चालतो, पाय आत पुढेमागे सरकतो, आणि आमच्यात सगळा घोळ सरकण्यामुळेच होतो.

आता अनुभव. जादू नाही झाली, कातडीची जाडी चप्पलने जात नाही, ती जीनमध्ये आहे. पण शेवटच्या तासाला फळ्याला टेकून उभं राहणं बंद झालं. पूर्वी शाळा सुटली की स्टँडपर्यंत रिक्षाच करावी लागायची, आता चालत जाते, मध्ये भाजी घेते. टाचेच्या कडेच्या चिरा कमी झाल्या, आणि यंदाच्या उन्हाळ्यात फोड आले पण चवड्याखाली नाही, फक्त अंगठ्याच्या बाजूला, जिथे पुढचा पट्टा थोडा लागत होता. तो पट्टा मामांनी फुकट बदलून दिला.

तोटे पण आहेत. वजनाला जड वाटते. काळी असते, धूळ बसलेली लगेच दिसते. रबरातले कप्पे बंद असल्यामुळे ते पाणी शोषत नाही, हे पावसात चांगलं पण घामही शोषत नाही, दुपारनंतर पाय आत ओलसर होतो आणि सरकतो, मी मधल्या सुट्टीत चप्पल काढून पाय आणि चप्पल दोन्ही सुती फडक्याने पुसते. ओल्या फरशीवर खालचा सोल गुळगुळीत झालेला असेल तर घसरायची भीती, म्हणून सोलला खाचा आहेत ना ते बघून घ्या. आणि एमसीआर हळूहळू दबत जातं, वरून नवी दिसली तरी आतून मेलेली असते. अंगठ्याने टाचेच्या जागी जोरात दाबायचं, लगेच वर आलं नाही किंवा खालचा कडक सोल बोटाला लागला तर वरचा थर बदलायचा. रोजच्या वापरात वर्षभराच्या आत बदलावा लागतो असं धरून चाला, पूर्ण चप्पल नवी घ्यायची गरज नाही, नुसता थर बदलून मिळतो.

सगळ्यात मोठा तोटा मात्र चप्पलचा नाही, लोकांच्या नजरेचा आहे. या काळ्या चप्पलला आपल्याकडे बरेच लोक ओळखतात, सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमातून पेशंटला एमसीआर चप्पल फुकट दिली जाते, त्यामुळे बघणारा लगेच तो अर्थ लावतो. एका लग्नात एका बाईंनी माझ्या चप्पलकडे आणि मग हातांकडे बघितलं आणि सरळ उठून दुसऱ्या खुर्चीवर गेल्या. आता यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे मला कुष्ठरोग नाही. दुसरी म्हणजे असता तरी काय, औषधांनी तो पूर्ण बरा होतो, मल्टी ड्रग थेरपी सरकारी दवाखान्यात मोफत आहे, आणि औषध सुरू झालं की थोड्याच दिवसात तो पसरत नाही. ज्या लोकांमुळे ही चप्पल तयार झाली त्यांच्या नावाने नाक मुरडलेलं मला चालत नाही, माझे पाय त्यांच्यामुळे चालतायत. तरी रोज रोज समजावत बसायला वेळ नसतो हेही खरं, म्हणून दुसऱ्या जोडाला मी वरून तपकिरी लेदर आणि कडेला त्याच रंगाची पट्टी लावून घेतली, आता नेहमीची सँडल वाटते. कारागिराला सांगितलं तर करून देतात, थोडे पैसे जास्त लागतात.

क्रीमबद्दल थोडं, कारण चप्पल आणि क्रीम यांचं जमवून घ्यावं लागतं. यूरिया १० टक्क्यांच्या आसपास असला की तो कातडी ओलसर ठेवतो, २० च्या वर गेला की थर सोलायला लागतो, ४० टक्के म्हणजे चांगलाच कडक. सॅलिसिलिक ऍसिडचं मलमही थर सोलतं. जुनं व्हाइटफिल्ड ऑइंटमेंट माहीत असेल, त्यात बेन्झोइक ऍसिड ६ आणि सॅलिसिलिक ३ टक्के असतं, ते मुळात बुरशीवरचं आहे, आणि आमच्या जाड थरात बुरशी फार सहज लपते, त्यामुळे अचानक खाज वाढली, वास वाढला, बोटांच्या बेचक्यात सोलटं निघायला लागली तर नुसती सोलायची क्रीम वाढवू नका, कातडीचा नमुना खरवडून तपासून घ्या. मी रात्री कोमट पाण्यात पाय भिजवते, वजरीने हलक्या हाताने घासते, यूरिया लावून सुती मोजे घालून झोपते. सकाळी पाय धुऊन कोरडे करूनच चप्पल घालायची. हे महत्त्वाचं आहे कारण व्हॅसलिनसारखं तेलकट काही रबराला सतत लागलं तर रबर खराब होतं, शिवाय पाय आत घसरतो. आणि थर पूर्ण काढायच्या नादाला लागू नका, आमच्या प्रकारात फार पातळ केलं की खालची कातडी इतकी हुळहुळते की दोन पावलं टाकता येत नाहीत. ब्लेडने घरी कापणं तर नकोच, शुगर असेल तर अजिबात नको.

गोळ्यांबद्दल विचारतात म्हणून सांगते, ऍसिट्रेटिन नावाची गोळी देतात, थर कमी होतो, पण एपिडर्मोलायटिक प्रकारात तिने कातडी जास्तच सोलून दुखणं वाढू शकतं. लिव्हर आणि चरबीच्या रक्ततपासण्या कराव्या लागतात आणि बायकांनी तर फार जपून, गरोदरपणात बाळाला गंभीर व्यंग होऊ शकतं, गोळी बंद केल्यावरही ३ वर्षं दिवस राहू द्यायचे नसतात. डॉक्टरशिवाय हात लावायची गोष्ट नाही.

मुलीसाठी चप्पल करताना वेगळाच प्रश्न आला. तिच्या शाळेत काळे बूट कंपल्सरी, चप्पल चालणार नाही म्हणाले, बाईंना पाय दाखवल्यावर एवढंच उत्तर मिळालं की सगळ्यांना नियम सारखा. शेवटी स्किनच्या डॉक्टरांचं पत्र दिलं, त्यात संसर्गजन्य नाही हे वाक्य मुद्दाम लिहून घेतलं कारण शेजारी बसणाऱ्या मुलीच्या आईची तक्रार होती. तोपर्यंत मामांनी मार्ग काढला, एक साइज मोठा, पुढून रुंद बूट घ्यायला लावला, त्यातला कंपनीचा तळ काढून टाकला आणि एमसीआरचा तळ कापून आत बसवला. हे खूप छान चालतं, बाहेरून कुणाला कळत नाही. मुलांचा पाय वाढत असतो तेव्हा दर काही महिन्यांनी माप बघा, बूट आखूड झालेला मूल सांगत नाही. आणि लहान मुलांना सॅलिसिलिक ऍसिड मोठ्या भागावर स्वतःच्या मनाने लावू नका, ते कातडीतून रक्तात जाऊन त्रास देऊ शकतं.

घरात नुकतंच कुणाला असं लक्षात आलं असेल तर चप्पलच्या आधी निदान करून घ्या, प्रकार कोणता हे कळलं पाहिजे. पॅपिलॉन लेफेव्ह्र नावाच्या प्रकारात जाड तळव्यांबरोबर हिरड्या सुजून दुधाचे आणि मग कायमचेही दात पडतात, अशा मुलाला दातांच्या डॉक्टरांकडे लवकर नेलं तर दात वाचवायला वाव असतो. हॉवेल इव्हान्स नावाच्या फार दुर्मीळ प्रकारात पुढे अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका असतो, तिथे नियमित दुर्बिणीची तपासणी लागते. नखं जाड आणि तळपाय असह्य दुखत असतील तर पॅकिओनिकिया नावाचा प्रकार असू शकतो. आणि मोठ्या वयात अचानक तळवे जाड झाले असतील तर तो जन्मजात प्रकार नसेल, कारण वेगळं असू शकतं, डॉक्टरांना दाखवा. आमच्या प्रकारात दात, केस, नखं सगळं ठीक असतं, हे ऐकून मला तरी फार धीर आला होता.

किंमत, माझा पहिला जोड साडेआठशेला पडला, तपकिरी लेदरवाला बाराशेला. दुकानात रेडिमेड एमसीआर याहून स्वस्त मिळते, पण एमसीआरच्या नावाखाली साधा फोम विकणारेही आहेत. ओळखायचं असं, कडेने कापलेला भाग बघा, खऱ्या एमसीआरमध्ये एकसारखी बारीक छिद्रं दिसतात आणि दाबून सोडलं की लगेच उसळतं. माहीतगार कारागीर असेल तर त्याला रबर किती शोअरचं आहे विचारा, शोअर म्हणजे रबराचा कडकपणा मोजायचं माप, १५ च्या आसपासचं पाहिजे, त्याहून बरंच कडक असेल तर आपल्या पायाला उपयोग नाही. माप द्यायला संध्याकाळी जा, दिवसभर चालून पाय थोडा सुजलेला असतो, आणि पाय सोलून लगेच जाऊ नका, नेहमीची जाडी असेल तेव्हाच दुखऱ्या जागा बरोबर सापडतात. देवळात चप्पल बाहेर काढावी लागते, चैत्रात जोतिबाच्या पायऱ्या तापलेल्या असतात, मी जाड सुती मोजे घालून चढते आणि कुणी काही बोललेलं नाही.

रेटिंग ५ पैकी ४. एक कमी केला तो घाम आणि वजनासाठी. मामांच्या कामाला मात्र पूर्ण ५. माझा आतेभाऊ नाशिकला असतो, त्याला पण हाच आजार आहे आणि दर वेळी माप द्यायला मिरजेपर्यंत येणं त्याला जमत नाही, तर त्या बाजूला खुणा करून, घासून, पायाप्रमाणे एमसीआर बनवून देणारं कुणी माहीत असेल तर नक्की कळवा.